हाताने सोडलं की नाक वर, मग डावा पंख खाली: सीजीचा (गुरुत्वमध्याचा) घोळ की मोटरच्या कोनाचा?

फोमकाप्या

५ मिमी फोमशीटमधून कापलेलं, रेडिओ-कंट्रोलवर उडणारं चार चॅनलचं हाय-विंग ट्रेनर (पंख वर असलेलं शिकाऊ मॉडेल विमान) आहे. आधी आकडे देतो, म्हणजे उलटतपासणी कमी होईल.

विंगस्पॅन १२०० मिमी. कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) २०० मिमी, टोकापर्यंत सारखीच. एअरफॉइल सपाट तळाचा, क्लार्क-वायच्या जवळपास. डायहेड्रल (पंख टोकाकडे वर उचललेला कोन) दोन्ही बाजूंना ३-३ अंश. आडवी शेपटी ४२० × ११० मिमी, त्यातला ३५ मिमी एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी हलती पट्टी). पंखाच्या पाव कॉर्डपासून शेपटीच्या पाव कॉर्डपर्यंत ५६० मिमी. फायरवॉल (मोटर बसवायची नाकातली पाटी) पंखाच्या पुढच्या कडेच्या २०० मिमी पुढे. बॅटरीसकट वजन ९५० ग्रॅम.

मोटर २२१२, १००० केव्ही (दर व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे). प्रॉप १०×४.५. ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक) ३० अँपियर. बॅटरी ३एस (तीन सेलची) २२०० एमएएच, १८० ग्रॅम. ९ ग्रॅमचे चार सर्व्हो (हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरी): दोन पंखात, दोन थेट शेपटीत, कारण लांब पुशरॉड (सर्व्होपासून पट्टीपर्यंतच्या काड्या) वाकतात. मोटर अगदी सरळ बसवली आहे, कुठलाही कोन दिलेला नाही. सीजी बोटांवर तोलून पुढच्या कडेपासून ८५ मिमीवर येतो. एलेव्हेटरचा थ्रो (पट्टी किती हलते ते) वर-खाली २० मिमी, एलेरॉनचा (पंखावरच्या हलत्या पट्ट्यांचा) १८ मिमी, एक्स्पो (स्टिक मधोमध मवाळ करणारी सेटिंग) शून्य.

लक्षणं: पूर्ण थ्रॉटलवर हाताने सोडलं की क्षणभर सरळ, मग नाक आपोआप वर. स्टिक पुढे ढकलली की झटक्यात खाली, ओढली की त्याहून वर. दोन-तीन हेलकाव्यांत वेग संपतो आणि डावा पंख पडतो. चारही वेळा डावाच. उजवा एलेरॉन दिला तर आणखी लवकर पडतो, हे सगळ्यात अनाकलनीय.

प्रश्न असे: सीजी किती पुढे घ्यावा? बॅटरी जास्तीत जास्त ७० मिमी पुढे सरकते, तर उरलेल्यासाठी नाकात शिसं भरावं का? आणि डावीकडे पडण्याचा सीजीशी संबंध आहे की ते वेगळं दुखणं आहे?

---

मोजपट्टी

दुखणी दोन आहेत, पण पहिलं बरं केल्याशिवाय दुसऱ्याकडे बघू नका.

८५ मिमी म्हणजे कॉर्डच्या ४२.५ टक्के. तुमच्या शेपटीचा हिशोब करू. शेपटीचं क्षेत्रफळ ४.६ चौरस डेसिमीटर, गुणिले ५६०, भागिले पंखाचं क्षेत्रफळ २४ गुणिले कॉर्ड २००. उत्तर साधारण ०.५४. ट्रेनरला ०.५ च्या आसपास हवं असतं, म्हणजे शेपटी व्यवस्थित आहे, ती मोठी करायच्या फंदात पडू नका. एवढ्या शेपटीवर न्यूट्रल पॉइंट (सीजी जिथे आला की विमानाची स्थिरता संपते तो बिंदू) अंदाजे ४२ ते ४५ टक्क्यांच्या पट्ट्यात येतो. तुमचा सीजी नेमका तिथेच बसलाय. तिथे विमानाला स्वतःचं असं मत उरत नाही: नाक वर गेलं तर वरच, खाली गेलं तर खालीच. मग ते सरळ ठेवण्याचं सगळं काम तुमच्या अंगठ्यावर येतं, आणि अंगठा नेहमी अर्धा सेकंद उशिरा पोहोचतो. हेलकावे त्याचेच.

पहिल्या उड्डाणासाठी २८ ते ३० टक्के, म्हणजे ५६ ते ६० मिमी. ६० धरू. सीजी २५ मिमी पुढे आणायचा आहे.

९५० × २५ = २३,७५० ग्रॅम-मिमी. हे कर्ज फेडायचं आहे. फक्त शिशाने फेडायचं तर फायरवॉलवर ९१ ग्रॅम लागतील. ९५० ग्रॅमच्या विमानाला ९१ ग्रॅम शिसं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. त्याऐवजी:

बॅटरी ७० मिमी पुढे: १८० × ७० = १२,६००. सीजी १३ मिमी पुढे आला.

शेपटीतले दोन सर्व्हो पंखाच्या मागच्या कडेच्या आत आणा. १८ ग्रॅम अंदाजे ४५० मिमी पुढे सरकतील: ८,१००. आणखी साडेआठ मिमी.

आता सीजी ६३ मिमीवर. उरलेल्या ३ मिमीसाठी फायरवॉलवर १२ ग्रॅम पुरेत, किंवा बॅटरीखालचा फोम कोरून ती आणखी थोडी पुढे जाते का ते पाहा. शिसं हा शेवटचा उपाय ठेवा.

आणि सीजी बोटांवर तोलू नका. बोटाचं टोक १०-१२ मिमी रुंद, त्यात ५ मिमीची चूक सहज खपते. पंखाच्या तळाला पुढच्या कडेपासून ६० मिमीवर दोन्ही बाजूंना चिकटपट्टीची रेघ मारा, दोन पेन्सिली उभ्या रोवून त्यांच्या रबरावर विमान ठेवा. बॅटरी, प्रॉप, चाकं, पंख आवळायचे रबरबँड, सगळं जागच्या जागी हवं. नाक किंचित खाली झुकलं तर चालेल, शेपटी झुकली तर उडवू नका.

---

वॉशआउट

सीजीबद्दल मोजपट्टी यांनी लिहिलंय त्यावर माझं काही म्हणणं नाही. डाव्या पंखाचं सांगतो.

मागून पाहिलं तर तुमचा प्रॉप घड्याळाच्या दिशेने फिरतो. मोटर प्रॉपला उजवीकडे फिरवते, तेव्हा त्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे लोळवते. शिवाय नाक वर असताना प्रॉपचं खाली येणारं पातं जास्त ओढतं, तेही नाकाला डावीकडे नेतं. वेग असेल तर हे जाणवत नाही. हातातून सुटल्यावर वेग नसतो आणि थ्रॉटल पूर्ण असतं, म्हणजे सर्वात वाईट जोडी. म्हणून चारही वेळा डावाच.

उपाय: मोटरला २ ते ३ अंश उजवीकडे आणि तितकाच खाली कोन द्या. खालचा कोन हाय-विंगला हवाच, कारण पंख वर आणि मोटर खाली असल्यामुळे थ्रॉटल दिलं की नाक उचललं जातं. तुमचं "नाक आपोआप वर" यातलं निम्मं श्रेय त्याला आहे.

वॉशर कुठे घालायचे यात नेहमी गोंधळ होतो. विमानाच्या मागे उभे राहून बघताय असं धरा. मोटर खाली वळवायची तर वरच्या स्क्रूंखाली वॉशर. उजवीकडे वळवायची तर डाव्या स्क्रूंखाली. माउंटच्या समोरासमोरच्या भोकांत ४० मिमी अंतर असेल तर १.४ मिमी वॉशरने २ अंश येतात, २.१ मिमीने ३ अंश. माउंट क्रॉसच्या आकाराचं आणि फुलीसारखं बसवलेलं असेल तर वर-डावीकडच्या एकाच स्क्रूखाली वॉशर गेला की दोन्ही कोन एकदम मिळतात, पण मग समोरच्या स्क्रूवर ताण येतो, फोमची फायरवॉल चिरडते. ३ मिमी प्लायवुडचा चौकोन इपॉक्सीने लावा आणि मग स्क्रू आवळा.

आता उजवा एलेरॉन दिल्यावर डावा पंख आणखी लवकर का पडतो. उजवीकडे वळण्याची आज्ञा दिली की डावा एलेरॉन खाली जातो. त्या टोकाचा अँगल ऑफ अटॅक (पंख हवेला सामोरा जातो तो कोन) वाढतो. पंख आधीच स्टॉलच्या (उचल कोसळण्याच्या) उंबरठ्यावर आहे, तुम्ही त्याला मागून ढकलताय. शिवाय खाली गेलेला एलेरॉन ड्रॅगही (हवेचा अडथळाही) वाढवतो, म्हणजे डावा पंख मागे ओढला जातो. कमी वेगात पंख पडला तर आधी एलेव्हेटर सोडा, मग उजवा रडर (उभ्या शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे नेणारी पट्टी). ३ अंशांचं डायहेड्रल आहे, रडरने पंख उचलला जाईल.

याचा कायमचा बंदोबस्त म्हणजे डिफरन्शियल: एलेरॉन वर १२ मिमी, खाली ६ मिमी. दोन्ही एलेरॉन सर्व्हो वाय-केबलवर एकाच चॅनलला जोडलेले असतील तर ट्रान्समीटरमधून हे करता येत नाही. रिसीव्हरमध्ये मोकळा चॅनल असेल तर वेगळे करा.

पंखाचा पीळही तपासा. सपाट तळाचा पंख आहे, काम सोपं. एक-एक बाजू सपाट टेबलावर दाबून टोकाजवळ मागची कड किती उचलली आहे ते मोजा. दोन्ही टोकांत २ मिमी फरक म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त पीळ, आणि तेवढा पंख पाडायला पुरतो. मागची कड ज्या टोकाला जास्त खाली आहे ते टोक आधी स्टॉल होणार. स्पार (पंखातली आधारपट्टी) चिकटवल्यानंतर फोम पिळणं अवघड. त्यापेक्षा दोन्ही एलेरॉन न्यूट्रलला दीड-दोन मिमी वर ठेवा. टोकांना वॉशआउट मिळतं, म्हणजे टोकांचा कोन कमी होऊन ती उशिरा स्टॉल होतात. लिफ्ट थोडी जाते, पण ट्रेनरला परवडते.

शेवटी विमान प्रॉपच्या नटावर आणि शेपटीच्या टोकावर धरून सोडा. एक पंख सतत खाली जात असेल तर दुसऱ्या टोकाला ३-४ ग्रॅम लावा.

---

अर्धाग्रॅम

वरच्या दोन्ही उत्तरांना एक जोड आणि एक दुरुस्ती.

दुरुस्ती: सर्व्हो पुढे आणले की पुशरॉड येणार, त्याचं वजन मोजपट्टी विसरले. १.५ मिमी स्टीलची ४५० मिमी तार ६ ग्रॅमच्या वर जाते. दोन तारा, साडेबारा ग्रॅम, त्यांचा मध्य पंखाच्या खूप मागे. कमावलेल्या साडेआठ मिमीतले ४ मिमी परत गेले. त्यामुळे पूर्ण तार वापरू नका. १.५ मिमी कार्बन रॉड घ्या (तेवढ्याच लांबीला १.३ ग्रॅम), फक्त दोन्ही टोकांना ४० मिमी तार, सांध्यावर दोरा गुंडाळून सीए (सुपरग्लू). शेपटीपर्यंत गेलेली सर्व्होची एक्स्टेन्शन वायरही काढून टाका, तीही काही ग्रॅमची असते. रॉड वाकू नये म्हणून दर १२०-१५० मिमीवर फोमचा एक तुकडा भोक पाडून फ्यूजलाजच्या आत चिकटवा, त्यातून रॉड मोकळा सरकला पाहिजे. "लांब पुशरॉड वाकतात" ही तक्रार आधार नसलेल्या रॉडची आहे.

शेपटी हॉटग्लूने चिकटवली असेल तर जे काही जाड ओघळ दिसतील ते गरम सुरीने कापून काढा. तुमच्या मापांत शेपटीतला एक ग्रॅम नाकात दोन ग्रॅम मागतो. सहा ग्रॅम गोंद काढला तर १२ ग्रॅम शिसं वाचलं, आणि विमान १८ ग्रॅमने हलकं राहिलं. पुन्हा चिकटवताना साधा सीए वापरू नका, तो डेप्रॉन (फोमशीटचा एक प्रकार) आणि थर्माकोल दोन्ही विरघळवतो. फोम-सेफ सीए किंवा पातळ थरात इपॉक्सी.

जोड थ्रोबद्दल. ३५ मिमी रुंदीच्या एलेव्हेटरला २० मिमी थ्रो म्हणजे ३५ अंश. ३-डी (कसरतीच्या) विमानाचा थ्रो ट्रेनरला दिलाय. ८ ते १० मिमी ठेवा, म्हणजे १३ ते १७ अंश. हे ट्रान्समीटरमध्ये ट्रॅव्हल ४५ टक्के करून मिळवू नका. तसं केलं तर सर्व्होची निम्मी चाल वाया जाते, रिझोल्यूशन जातं, आणि गिअरमधला ढिलेपणा आहे तितकाच राहिल्यामुळे तुलनेत दुप्पट जाणवतो. सर्व्हो आर्मवर आतलं भोक, कंट्रोल हॉर्नवर बाहेरचं भोक. मग ट्रॅव्हल १०० टक्क्यांच्या आसपास ठेवून उरलेला बारीक फरक तिथे. ट्रिम (स्टिक सोडल्यावर पट्टी कुठे थांबते ते बारीक जुळवणारं बटण) मधोमध असताना आर्म पुशरॉडशी काटकोनात हवा. हॉर्नचं भोक बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर हवं, पुढेमागे असेल तर वरचा आणि खालचा थ्रो असमान येतो.

रडर २५ मिमी चालेल. एक्स्पो एलेव्हेटर आणि एलेरॉनला ३० टक्के. इथे एक गोम आहे: स्पेक्ट्रमच्या ट्रान्समीटरमध्ये स्टिक मवाळ करायला अधिक चिन्ह लागतं, फ्युताबाच्या उणे. चिन्ह चुकलं तर मधोमध विमान आणखी बिथरेल. ग्राफ पाहा, मध्यभागी रेघ सपाट दिसली पाहिजे.

---

शेपटीवारा

हाताने सोडण्यावर कोणी बोललं नाही.

९५० ग्रॅम भागिले २४ म्हणजे जवळजवळ ४० ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर. या पंखाचा कमाल लिफ्ट गुणांक १.१ ते १.२ धरला तर स्टॉलचा वेग सेकंदाला साधारण साडेसात मीटर, ताशी २६-२७ किमी. उभ्याउभ्या फेकून तेवढा वेग कसाबसा मिळतो. म्हणजे हात सुटतो तेव्हा विमान स्टॉलवरच असतं, आणि त्यात नाक वर करून फेकलं तर गोष्ट तिथेच संपली.

वाऱ्याच्या तोंडावर सोडा. सेकंदाला ३ मीटर वारा असेल तर तेवढा वेग फुकट मिळतो. थ्रॉटल पूर्ण नको, ७०-७५ टक्के: तुमच्या मोटर-प्रॉपला ओढ पुरेशी आहे आणि टॉर्क कमी होतो. नाक क्षितिजाच्या ५ अंश वर, त्याहून जास्त नाही. भाल्यासारखं ढकलायचं, चेंडूसारखं वळसा देऊन नाही, पंख आडवे राहिले पाहिजेत. फेकणारा वेगळा, ट्रान्समीटर धरणारा वेगळा, आणि त्याचा अंगठा आधीपासून स्टिकवर. सुटल्यावर पहिले दोन सेकंद एलेव्हेटर ओढायचा मोह टाळा, वेग वाढू द्या, मग चढा. विमान सीजीच्या थोडं मागे धरा, हाताच्या मागे प्रॉप यायचा प्रश्न नाही पण बाही, दोरी, पट्टा नीट खोचलेला हवा.

आधी मोटर बंद ठेवून उंच गवतावर ग्लाइड टेस्ट घ्या. नाक मारतंय की उचलतंय ते पाच फेकीत कळतं.

---

मोजपट्टी

ग्लाइड टेस्टला माझा विरोध आहे, तुमच्याच आकड्यावरून. स्टॉल साडेसात मीटर, ग्लाइड नीट व्हायला त्याच्या सव्वापट ते दीडपट वेग लागणार. हाताने तेवढा येत नाही. ४०० ग्रॅमच्या ग्लायडरला ही टेस्ट ठीक, याला नाही. सीजी कितीही बरोबर असला तरी विमान नाक टाकणार, आणि मालक एलेव्हेटर ट्रिम वर करून बसणार. मग मोटर लावली की परत नाक वर. चाकं असतील तर आखूड गवतावरून किंवा सपाट जमिनीवरून धावत टेक-ऑफ हाच स्वच्छ मार्ग.

पुशरॉडच्या वजनाबद्दल अर्धाग्रॅम यांचं बरोबर. कार्बन रॉड धरूनही जवळपास १ मिमी मागे जातो, तेव्हा शिसं १५-१६ ग्रॅम धरून चाला.

---

शेपटीवारा

मान्य, या वजनाला ग्लाइड टेस्ट दिशाभूल करेल. चाकं लावली तर ७० मिमीपेक्षा लहान घेऊ नका, गवतात अडकून प्रॉप जमिनीला लागतो. मुख्य चाकांचा आस सीजीच्या किंचित पुढे (टेल-ड्रॅगर) किंवा १५-२० मिमी मागे (ट्रायसायकल).

---

फोमकाप्या

सर्व्हो पुढे घेतो, कार्बन रॉड, वॉशर, थ्रो सगळं करतो. दोन शंका उरल्या. हवेत गेल्यावर ६० मिमी बरोबर आहे हे कसं ओळखायचं? आणि जायरो-स्टॅबिलायझर (विमान आपोआप सावरणारं उपकरण) लावला तर यातलं बरंचसं टळेल का?

---

वॉशआउट

जायरो नंतर. मागे गेलेला सीजी जायरो झाकतो, दुरुस्त करत नाही. वेग संपला की त्याच्याकडेही काही उपाय नसतो. उलट पंख पडताना तो आपणहून डावा एलेरॉन खाली देईल, म्हणजे तुम्ही जी चूक हाताने करत होता ती तो तुमच्याहून वेगाने करेल. पुढे कधी लावलाच तर दिशा जमिनीवर तपासा: उजवा पंख हाताने खाली झुकवला की उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे, नाक उचललं की एलेव्हेटर खाली. उलट असेल तर पहिल्या सेकंदात विमान जातं.

सीजीसाठी डाइव्ह टेस्ट. ५०-६० मीटर उंचीवर, अर्ध्या थ्रॉटलवर, हात न लावता सरळ जाईल असं ट्रिम करा. थ्रॉटल बंद करून नाक ३०-४० अंश खाली घाला आणि एलेव्हेटर सोडून द्या. हळूहळू मोठ्या वळणाने स्वतःच सावरलं तर सीजी बरोबर. झटक्यात वर उसळलं तर नाक जड, २-३ मिमी मागे घ्या. डाइव्ह आणखी तीव्र होत गेली तर शेपटी जड, लगेच उतरवा. एका वेळी ३ मिमीपेक्षा जास्त हलवू नका आणि दर बदलानंतर पुन्हा ट्रिम करा, नाहीतर टेस्ट खोटं बोलते.

डाउन-थ्रस्टचीही (मोटरच्या खालच्या कोनाचीही) चाचणी तेव्हाच: सरळ उडत असताना थ्रॉटल एकदम पूर्ण द्या. पहिल्या क्षणात नाक वर उडी मारत असेल तर आणखी अर्धा अंश. वेग वाढल्यावर सावकाश चढत असेल तर सोडून द्या, ते ट्रेनरने करायचंच असतं.

---

अर्धाग्रॅम

उतरवल्यावर ट्रान्समीटरचं ट्रिम किती सरकलंय ते पाहून तेवढं क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाची आट्यांची पकड) फिरवून काढा आणि ट्रिम परत मधोमध आणा. एम२ क्लेव्हिसचा एक पूर्ण फेरा म्हणजे ०.४ मिमी.

उडवण्याआधी प्रॉप काढून: ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबते का, म्हणजे फेलसेफ. रिसीव्हरने थ्रॉटल जिथे होतं तिथेच धरून ठेवलं तर विमान तुमच्याशिवाय निघून जाईल. मग रेंज-चेक मोडमध्ये ३० पावलांवरून चारही सर्व्हो. प्रॉप परत लावताना आकडे पुढच्या बाजूला. उलटा लावलेला प्रॉपही हवा मागेच फेकतो, फक्त बरीच कमी, म्हणून चूक ध्यानात येत नाही.

टायमर पहिल्यांदा ६ मिनिटं. उतरल्यावर चार्जरने किती एमएएच परत भरले ते बघा. समजा १०००, तर मिनिटाला १६७. बॅटरीतले ८० टक्के म्हणजे १७६० वापरायचे, म्हणजे साडेदहा मिनिटं. त्यातलं दीड मिनिट चुकलेल्या लँडिंगसाठी राखून टायमर ९ वर ठेवा.